एक्झॉस्टमधून पाणी व्यवस्थित येतंय तरी मशीन तापतंय (यानमार १जीएम१०)

शिडवाला_गेटवे
नमस्कार मंडळी. माझी छोटी शिडाची बोट आहे, गेटवेसमोर मुरिंगला (पाण्यातल्या कायमच्या बोयाला बांधलेली) असते. मशीन यानमार १जीएम१०, एक सिलेंडर, नऊ हॉर्सपॉवर, डायरेक्ट समुद्राच्या पाण्यावर थंड होणारं, म्हणजे मशीनमध्ये वेगळं कूलंट फिरवून ते समुद्राच्या पाण्याने थंड करणारा हीट एक्स्चेंजर वगैरे भानगड नाही. हळू चालवलं तर काही त्रास नाही, बंदरातून आत बाहेर करताना कधी कुरकुर नाही, पण मांडव्याच्या बाजूला जाताना वारा पडला आणि जरा आरपीएम वाढवले की दहा पंधरा मिनिटांत अलार्म कोकलायला लागतो. कमी केलं की बंद. इम्पेलर (पंपातलं रबरी पात्यांचं चाक) नवीन टाकला, गाळणी साफ केली (त्यात प्लास्टिकची पिशवी होती अर्थात, मुंबई आहे), एक्झॉस्टमधून पाणी भरपूर पडतंय. फिटर म्हणतो आतले रस्ते क्षाराने बुजलेत, अ‍ॅसिड ओतू, एका दिवसात मोकळं करून देतो. मला अ‍ॅसिडची भीती वाटते, मशीन माझ्यापेक्षा थोडंच लहान आहे. कोणी केलंय का हे? आणि पाणी एवढं येतंय तर आत बुजलेलं कसं असेल हेच डोक्यात शिरत नाहीये.

नाखवा_रत्नांग्री
भाऊ अ‍ॅसिडच्या आधी एक्झॉस्ट एल्बो, म्हणजे एक्झॉस्टचा तो वाकडा पाइप, खोल. आमच्याकडे मासेमारीच्या बोटींवर मशीन तापलं की दहातल्या सात वेळा तिथेच सापडतं. धूर आणि खारं पाणी जिथे एकत्र होतं तिथे काजळी आणि मीठ मिळून असा दगड होतो की करंगळी जाणार नाही. पण आमची मशीनं वेगळी, त्यांना कूलर (हीट एक्स्चेंजर) असतो, तो उघडून नळ्यांतून पितळी सळई घालायची की झालं काम. (लोखंडी सळई घालू नका रे, नळी फाटते आणि मग खारं पाणी कूलंटमध्ये.) तुझ्या मशीनला तसल्या नळ्याच नाहीत, पाणी थेट ब्लॉकमध्येच (सिलेंडरभोवतीच्या ओतीव लोखंडात) फिरतं, सळई घालणार कुठे.

विलायती_कोकण्या
मी साउथॅम्प्टनला असतो, इथे जुन्या बोटींत ही जीएम सिरीज अजून पुष्कळ आहे. पाणी येतंय तरी तापतंय याचं उत्तर त्या मशीनच्या पायपिंगमध्येच आहे. पंपातून आलेल्या पाण्याला दोन फाटे फुटतात, एक ब्लॉकमध्ये शिरतो, तिथून सिलेंडरवरच्या हेडमध्ये, तिथून थर्मोस्टॅटकडे (पाणी तापलं की उघडणारी झडप), आणि दुसरा बायपास होजमधून ब्लॉकला बगल देऊन परस्पर थर्मोस्टॅटच्या डब्यात आणि पुढे एल्बोत. मशीन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो तेव्हा एल्बोला पाणी मिळावं म्हणून ही सोय. आता ब्लॉकमधला रस्ता बुजला की पाणी काय करणार, जिथे मोकळं आहे तिकडनं जाणार. म्हणजे मागे धो धो पडतंय ते सगळं बायपासचं असू शकतं आणि सिलेंडरभोवती थेंब थेंब चाललेलं असतं. त्या धारेवर विश्वास ठेवू नकोस.

टेस्ट सोपी आहे. मशीन सुरू ठेवून गरम झालं की बायपासचा होज मिनिटभर चिमट्याने दाबून बंद कर (हलक्या हाताने, जुना होज चिरतो) आणि मागची धार बघ. होती तशी राहिली तर ब्लॉक मोकळा आहे, एकदम मेली तर ब्लॉक बुजलाय. आधी थर्मोस्टॅट काढून घरी पातेल्यात पाणी तापवून बघ, या मशीनचा ४२ डिग्रीला उघडायला लागतो आणि ५२ ला पूर्ण उघडतो. कूलंटवाल्या मॉडेलचा ७१ चा असतो, तो चुकून कोणी बसवला असेल तर तोच तुझा क्षाराचा कारखाना, कारण खारं पाणी जितकं तापेल तितका क्षार जास्त धरतो, म्हणून तर या मशीनला इतका थंड थर्मोस्टॅट दिलाय.

अजून एक. इथले लोक लिहितात की थोडंफार बुजलं तरी चालतं, ते तुम्ही मनावर घेऊ नका. इथे समुद्र उन्हाळ्यातही १७-१८ डिग्री, मुंबईत मे महिन्यात ३० ला टेकतो. अलार्मचा स्विच ६० च्या आसपास वाजतो. म्हणजे तुमच्या हातात मुळातच इथल्यापेक्षा कमी उरलेली जागा.

शिडवाला_गेटवे
बायपास दाबला. धार मेली, अगदी मुतखडा झाल्यासारखी 😀 थर्मोस्टॅट पातेल्यात बरोबर उघडला. म्हणजे ब्लॉकच बुजलाय. आता अ‍ॅसिड?

जुना_मरीन_फिटर
थांब रे बाबा. अ‍ॅसिड शेवटी. गोदीत उभं आयुष्य गेलंय म्हणून सांगतो, जे हाताने निघतं ते आधी हाताने काढायचं. अ‍ॅसिडला रस्ता बंद असेल तर ते जाईल कुठे? जिथून पाणी जातंय तिथूनच अ‍ॅसिड जाणार, बुजलेला कोपरा तसाच राहणार आणि मोकळा भाग उगाच खाल्ला जाणार.

सीकॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा बोटीच्या तळाचा कॉक) बंद कर. ब्लॉकचा ड्रेन कॉक उघड. पाणी नाही आलं तर समजून जा की तळाशी गाळ बसलाय, कॉक पूर्ण काढून भोकातून वाकवलेली तार घालून ढवळायचं, हॅंगरची तार चालते. मुंबई हार्बरचं पाणी म्हणजे अर्धा चिखलच, तो काळा लगदा आधी येईल, मग खपल्या. मग बाजूचं झिंकचं (ब्लॉक गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) झाकण खोल. आत जुन्या झिंकचा तुकडा पडलेला असण्याची खूप शक्यता आहे, झिंक फुगतं, तुटतं आणि आतच राहतं, मालक नवीन लावत राहतात आणि जुन्यांचं स्मशान आत तयार होतं. ते चिमट्याने काढ. इम्पेलरची पाती मोडली होती का कधी? तुकडे मोजले का? ते ब्लॉकमध्ये शिरतानाच्या एल्बोत अडकून बसतात, तिथे नेमका काटकोन आहे. तो ब्लॉकमध्ये जाणारा छोटा एल्बो काढून ड्रिलच्या बिटने हाताने, मशीनने नाही, हाताने फिरवून साफ कर. मग गोड्या पाण्याचा पाइप लावून उलट्या दिशेने, थर्मोस्टॅटच्या तोंडातून खाली फ्लश. या एवढ्यात बऱ्याच मशीनांचं काम होतं.

आता निघालेली एक खपली घे आणि वाटीत व्हिनेगर टाकून बघ. बुडबुडे आले तर चुन्यासारखा क्षार आहे, बोअरच्या पाण्याने गीझरमध्ये धरतो तोच, त्याला अ‍ॅसिड लागू पडेल. काहीच नाही झालं तर तो गंज, गाळ नाहीतर जिप्सम, त्याच्यावर अ‍ॅसिडच्या बाटल्या ओतून फारसा फायदा नाही, उलट लोखंड खाल्लं जाईल.

गोव्याचो_दर्यावर्दी
फिटरकाकांचं बरोबर, पण अ‍ॅसिडला इतकं घाबरायची गरज नाही. मी दर पावसाळ्यात बोट वर काढली की करतो. मशीन चालू करून अ‍ॅसिड ओढायचं नाही, बंद मशीनवर बादली आणि छोटा प्लास्टिकचा पंप, ब्लॉकच्या खालून आत आणि थर्मोस्टॅटच्या तोंडातून परत बादलीत, एल्बोचा होज काढून ठेवायचा म्हणजे सायलेन्सरमध्ये काही जात नाही. बायपास बंद करायचा हं, नाहीतर परत तेच, सगळं बगल देऊन फिरत राहील. थर्मोस्टॅट, झिंक, अ‍ॅल्युमिनियमचं झाकण असेल ते सगळं आधी बाहेर. मी लिंबूफूल वापरतो, म्हणजे सायट्रिक, किराणा दुकानात मिळतं, कोमट पाण्यात. हळू चालतं पण झोप लागते. हार्डवेअरमधलं हायड्रोक्लोरिक पण लोक वापरतात, एकाला दहा पाणी, पटकन काम होतं.

जुना_मरीन_फिटर
हायड्रोक्लोरिकला माझा विरोधच आहे. क्षार संपला की ते थांबत नाही, लोखंडाकडे वळतं, आणि ३०-४० वर्षांच्या खाऱ्या पाण्याच्या ब्लॉकमध्ये कुठे भिंत पातळ झालीय कोणाला ठाऊक, हेड गॅस्केटच्या कडेला तर क्षारानेच भोक बुजवलेलं असतं कधीकधी. वापरायचंच असेल तर पाण्यात अ‍ॅसिड, अ‍ॅसिडमध्ये पाणी नाही, चष्मा ग्लोव्हज, हॅच उघडी, जवळ सिगरेट नाही, आणि बाथरूमचं ब्लीच त्या बादलीच्या आसपास नको, विषारी वायू होतो. फेस थांबला की लगेच बाहेर, खायच्या सोड्याचं पाणी फिरव, मग भरपूर गोडं पाणी. लिंबूफूल घेतलंस तर मी काही बोलणार नाही, फक्त क्षार खूप असेल तर एका बादलीत भागत नाही, पांढरा साका धरतो, पाणी गढूळ झालं की बदल.

नाखवा_रत्नांग्री
आणि सगळं जोडून झाल्यावर स्टार्टर मारत बसू नको. मशीन धरत नसेल आणि तू सीकॉक उघडा ठेवून सारखा स्टार्टर मारलास तर पंप पाणी ढकलत राहतो, धूर नाही मग ते पाणी बाहेर फेकणार कोण, सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं सिलेंडरमध्ये. आमच्या इथे एकाचं मशीन असंच बसलं. सीकॉक बंद ठेवून स्टार्ट, धरलं की ताबडतोब उघड.

शिडवाला_गेटवे
अपडेट. ड्रेन कॉकमधून खरंच काही आलं नाही, तार घातल्यावर आधी डांबरासारखा काळा लगदा, वास विचारू नका, मग बोटाच्या नखाएवढ्या करड्या खपल्या. झिंकच्या झाकणामागे दोन जुने झिंक पडलेले, एक पार फुगलेला, तो वाकड्या चिमट्याने फोडून तुकड्यातुकड्याने काढावा लागला, मागच्या मालकाची कृपा. ब्लॉकच्या एल्बोत इम्पेलरचं एक पातं अडकलेलं, माझ्या जुन्या इम्पेलरचं तर नव्हतं, रबर पण वेगळं. उलटा फ्लश केल्यावर पाणी बऱ्यापैकी जायला लागलं. खपली वाटीत फसफसली म्हणून लिंबूफूल रात्रभर फिरवलं, दोनदा बादली बदलली. आता बायपास दाबला तरी धार टिकते. फुल आरपीएमवर चालवून आलो, अलार्म नाही. एक्झॉस्ट एल्बो पण खोलला, अर्धा बुजलेला, तो घासून लावलाय पण आतून बराच खाल्लेला दिसतोय, जोडाच्या वळणावर हातोडीने टोकलं तर आवाज बद्द येतोय. वेल्ड करून चालेल का नवीनच घेऊ?

जुना_मरीन_फिटर
नवीन घे. वेल्ड केलेला आतून गळला तर पाणी थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर जातं. महाग वाटला तर चांगल्या लेथवाल्याकडून ३१६ स्टेनलेसमध्ये बनवून घे, फक्त पाण्याचं तोंड खालच्या बाजूला उतरतंच राहिलं पाहिजे, जुना नमुना सोबत दे. आणि नवीन झिंक लावताना त्याच्या गॅस्केटला जास्त चोपडू नको, झिंकला ब्लॉकचा धातू लागला नाही तर तो नुसता शोभेचा.