उत्तर: लिबरल आर्ट्समधून सायबर सिक्युरिटी
भाचीला इंजिनिअरिंग सोडून लिबरल आर्ट्सला सायबर सिक्युरिटी घेऊ द्यावी का असं वर विचारलंय, तर मी म्हणेन द्या, फक्त सिलॅबस नीट बघा, नेटवर्किंग, लिनक्स (ही ऑपरेटिंग सिस्टीम) आणि लॅब नसेल तर नुसतं नाव गोड. लिबरल आर्ट्समधली सायकॉलॉजीही वाया जात नाही हो. आमच्या गुहागरच्या काकांना फसवा मेसेज आला, लाईटबिल थकलंय, आज रात्री ९.३० ला वीज तोडणार, आणि काकांनी अर्धा सोललेला नारळ तसाच टाकून स्क्रीन शेअरिंगचं, म्हणजे आपला फोन समोरच्याला दिसू देणारं, अ‍ॅप घेतलं की! पासवर्ड कोणी फोडलाच नाही, काकांनाच फोडलं. शिवाय २००० चा आयटी कायदा, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा, हे वाचून कळणारी माणसंही लागतात. गणितापासून सुटका होईल म्हणून जात असेल तर मात्र आधीच सांगा, क्रिप्टोग्राफीत, म्हणजे माहिती सांकेतिक करून लपवण्याच्या शास्त्रात, ते परत गाठतंच.