रंगपेटी: लांबी आणि प्लायची जाडी

चित्रकलेचं सामान ठेवायची पेटी घरी बनवायला कुणी १२ मिमी प्लायची, १२ इंच लांब पेटी सुचवली आहे. पेन्सिली, जलरंगांना ठीक. पण तैलरंगाच्या ब्रशांचे लांब दांडे तीत तिरकेच बसणार आणि केस वाकणार. आतली लांबी १५ इंच ठेवा. आणि १२ मिमी कशाला? हातात धरून न्यायची पेटी आहे, कपाट नव्हे! बाजूंना ९, तळाला ४ मिमी पुरे. तळ मात्र खालून नुसता ठोकू नका, बाजूंना खाच पाडून फेविकॉल लावून सरकवा. ट्यूबांचं वजन भरपूर होतं. आमच्या बडोद्यात भंगारवाल्यांकडे पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन मिळतं, तेही छान. आधी खिळे उपटा, नाहीतर रंध्याची धार गेलीच. सरकतं झाकण करणार असाल तर खाच जरा सैल हवी, पावसाळ्यात लाकूड फुगतं.