बेल कर्व्ह, घटलेली गळती आणि टीममधला अबोला

हिंजवडीकर (प्रश्न): मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत बारा जणांची टीम सांभाळतो. वर्षभर सर्वांनी कितीही चांगले काम केले, तरी अप्रेझलमध्ये बेल कर्व्हमुळे, म्हणजे वरची-खालची रेटिंग ठरलेल्या प्रमाणातच वाटण्याच्या सक्तीमुळे, किमान एकाला तळाचे रेटिंग द्यावेच लागते. परिणामी अनुभवी मंडळी नव्यांना शिकवायचे टाळतात आणि कोडमधील खाचाखोचा कुठेही लिहून ठेवत नाहीत. गळती (नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण) निम्म्यावर आल्यामुळे वातावरण उत्तम आहे, असे व्यवस्थापन म्हणते. हे कितपत ग्राह्य धरावे?

जुना_प्रोग्रामर: गळती कमी झाली म्हणजे लोक समाधानी आहेत, असे होत नाही. जून २०२२च्या तिमाहीत इन्फोसिसने आधीच्या बारा महिन्यांची गळती २८.४ टक्के नोंदवली होती, तर डिसेंबर २०२३च्या तिमाहीत इन्फोसिसचा आकडा १२.९ टक्क्यांवर आला. दीड वर्षात सगळ्यांचे मन कंपनीत रमले असे मानण्यापेक्षा, बाहेरची भरती आटली हे कारण मला अधिक पटते. दार बंद असल्यामुळे थांबलेला माणूस आणि मनापासून थांबलेला माणूस या आकड्यात सारखाच मोजला जातो.

क्लाउडवाली: मायक्रोसॉफ्टने बेल कर्व्हसारखी सक्तीची क्रमवारी नोव्हेंबर २०१३मध्ये बंद केली, म्हणजे सत्या नाडेला प्रमुख होण्याच्या काही महिने आधी, श्रेय मात्र बहुधा त्यांनाच दिले जाते! त्यानंतर इतरांच्या यशाला आपण काय हातभार लावला आणि इतरांच्या कामाचा आपण कसा उपयोग केला, हेही मूल्यमापनात विचारले जाऊ लागले. कंपनीच्या पुढच्या वाढीत क्लाउडचा (इंटरनेटवरून पुरवलेल्या संगणक सेवांचा) वाटा मोठा असल्याने ती केवळ या बदलामुळे झाली, असे मी म्हणणार नाही.

बेंचवरून: कर्व्ह काढून टाकला तरी पगारवाढीची एकूण रक्कम ठरलेलीच असते, त्यामुळे तो मागच्या दाराने परत येतो. शिवाय सेवा कंपन्यांत खरी भीती बेंचची, म्हणजे क्लायंटचे काम नसताना रिकामे बसावे लागण्याची असते. ज्युनिअरला शिकवण्यात गेलेल्या तासाचे क्लायंटला बिल लागत नाही, मग तो तास टाइमशीटमध्ये (कामाच्या तासांच्या नोंदीत) दाखवायचा कुठे? आधी त्यासाठी टाइमशीटमध्ये नोंदवायचा स्वतंत्र कोड मागून घ्या.

हिंजवडीकर: रेटिंगचा साचा माझ्या हातात नाही, पण टाइमशीटचा कोड डिलिव्हरी मॅनेजरच्या सहीने मिळू शकतो. सोमवारी त्यांच्याकडे तशी लेखी मागणी करतो.