मुलगा घरी हात चावतो, कारण कसं शोधायचं?

ठाणेकर_आई: मुलगा ७ वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलतो अगदी थोडं. दोन महिने झाले स्वतःचा हात चावतोय, मनगटावर घट्टा पडलाय. शाळेत म्हणतात करत नाही, घरी मात्र रोज. सासूबाई म्हणतात लाडावलाय, नवरा म्हणतो लक्ष वेधायला करतो, तू दुर्लक्ष कर. केलं, तर अजूनच वाढलं!! थेरपिस्टची तारीख पुढच्या महिन्यातली आहे, तोवर मी काय बघू?

चौकटीची_वही: स्पेशल एज्युकेटर आहे. आधी डॉक्टरांकडून दात, कान, पोट बघून घ्या, दुखत असेल तर बाकी सगळं व्यर्थ. मग चौकटीची वही घ्या, आडवे वार, उभे अर्ध्या अर्ध्या तासाचे खण. चावला नाही तर खण कोरा, एकदोनदा चावला तर तिरकी रेघ, जास्त वेळा तर पूर्ण काळा. याला स्कॅटर प्लॉट म्हणतात, टुशेट आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडला, आम्ही अजून वापरतो. काळे खण एकाच वेळेला आले की त्या वेळी खोलीत काय होतं, कोण होतं, कसला आवाज, चावायच्या आधीच्या मिनिटात काय झालं आणि चावल्यावर त्याला काय मिळालं किंवा काय टळलं, ते लिहा. कोरे खणही तितकेच नीट बघा.

विदर्भातला_बाबा: आमच्या पोरीचं सांगतो, आम्हाला वाटे कुकरच्या शिट्टीला किंचाळते, पण ती तर नुसता कुकर ओट्यावर दिसला की सुरू व्हायची, शिट्टीला अजून पंधरा मिनिटं असायची ना भाऊ! आता कुकर लावायच्या आधी तिला आतल्या खोलीत नेतो.

ठाणेकर_आई: आठवडा भरला. दात-कान ठीक आहेत. सोम ते शुक्र साडेसहा ते सातचा खण काळा, शनि-रवि कोरा, म्हणजे संध्याकाळचा थकवा वगैरे नसावा. साडेसहाला मी चटई अंथरते, लिहायला बसवते. रविवारी दुपारी इस्त्रीसाठी तीच चटई काढली, तर लगेच चावला! लिहायचं काहीच नव्हतं.

चौकटीची_वही: मग चटई म्हणजे त्याच्या लेखी 'आता लिहायचंय'. आणि चावल्यावर तुम्ही दुर्लक्ष करून उठून जात होतात ना? म्हणजे लिहिणं बंद. त्याला हवं तेच मिळत होतं, म्हणून वाढलं. अर्थात हा अजून अंदाज आहे. मुद्दाम चिडवून खात्री करू नका, ते काम थेरपिस्टसमोरच. तोवर चटईवर आधी खेळ, मग दोनच ओळी, आणि चावायच्या आधीच दाखवता येईल असं 'थांबू' चं चित्रकार्ड शिकवा. कार्ड दाखवलं की खरंच थांबवायचं हं.

ठाणेकर_आई: बाप रे, मी रोज उठून किचनमध्ये जायचे. पण एक खण राहिलाच, बुधवारी दुपारी मी फोनवर असताना. तेव्हा चटई नव्हती.

चौकटीची_वही: त्याचं कारण वेगळं असू शकतं, चावणं तेच असलं तरी. फोनसाठी वेगळं पान करा, दोन्ही पानं थेरपिस्टला दाखवा.