किल्लारीची पहाट आणि कर्मसिद्धांत
ईश्वर दयाळू आणि सर्वशक्तिमान असेल तर जगात दुःख का, या प्रश्नावर असे उत्तर दिले जाते की जगातील दुष्टता हे माणसाला मिळालेल्या स्वातंत्र्याचे मोल आहे. हा मुद्दा खून, लूट आणि अत्याचार यांच्यापुरता मला मान्य आहे. परंतु आम्हा मराठवाड्यातील माणसांना हा प्रश्न छळतो तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेमुळे, जेव्हा गणेश विसर्जनाच्या रात्री दमून झोपलेली किल्लारी, सास्तूर परिसरातील गावे चारच्या सुमारास भूकंपाने दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली आणि हजारो माणसे मरण पावली. तेथे कोणाच्या स्वातंत्र्याचा संबंध होता? जड माळवदे (मातीची सपाट छपरे) माणसांनीच रचली होती, हे खरे. पण ती उन्हापासून बचावासाठी होती, आणि इतका मोठा भूकंप होईल अशी तेथे कोणाला फारशी कल्पनाच नव्हती.

वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांत (२.१.३४) ईश्वरावरील पक्षपाताचा व निर्दयतेचा आक्षेप, ईश्वर प्राण्यांच्या पूर्वकर्मानुसारच सृष्टी करतो, असे सांगून दूर केला आहे. तर्क सुसंगत आहे. मात्र ढिगाऱ्याखाली लेकरू गमावलेल्या आईला तो ऐकवण्याचे धैर्य मला होणार नाही. मी श्रद्धाळू आहे. ईश्वराच्या सर्वशक्तिमत्तेचा आग्रह सोडावा लागला तरी मी सोडेन, त्याची करुणा सोडणे मात्र मला जमत नाही.