आईच्या गुडघ्यामागची गाठ: सुईनं पाणी काढून घेतलंय का कुणी?

पूर्वभागकर
आई ६३ वर्षांची. तीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या, त्याची वसुली आता गुडघे करतायत. उजव्या गुडघ्याच्या लवणीत लिंबाएवढी गाठ आहे. उभी राहिली की टणक लागते, पाय वाकवला की मऊ पडते. एमआरआयमध्ये बेकर सिस्ट (गुडघ्यामागची पाण्याची गाठ) आली, शिवाय आतली गादी फाटलेली. डॉक्टर म्हणतात, सोनोग्राफीत बघत सुई घालू, पाणी काढू, तिथंच स्टेरॉइड सोडू, त्याच दिवशी घरी. आई म्हणते, "शेजारच्या अक्कानं सांगितलंय, परत भरतंय." शुगरच्या गोळ्या चालू आहेत. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी करावं का नंतर?

जुना_कंडक्टर
माझं झालंय. पालथं झोपवलं, जागा बधिर केली. मान वळवून स्क्रीन बघत होतो. गाठ काळीभोर, तिच्यात सुईची पांढरी रेघ शिरली. पाणी म्हणायचं नुसतं, पिवळसर अन् साबुदाण्याच्या खिरीगत चिकट. म्हणून सुई जाड लागते. तिसऱ्या सिरिंजला ते काळं मिटत मिटत चपटं झालं. लै सोपं.

पण अक्का खोटं बोलत नाही. सात महिन्यांनी माझी थोडी भरली. पाणी गुडघ्यात तयार होतंय, गाठीत नाही. मागं जायची वाट एकेरी दारागत, गेलेलं सहसा परत फिरत नाही. गादीचं काय करणार, ते आधी विचारा. अन् स्टेरॉइडनंतर माझी शुगर चार-पाच दिवस चढली होती.

बाळीवेस
एकदाच कापून टाका की. कायमची कटकट जाईल.

जुना_कंडक्टर
आतलं दुखणं तसंच ठेवून कापली तरी परत येते, मालक.

जेलवाली
सोनोग्राफीत काम करते. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधी सांगा, मनानं बंद करू नका. सुईआधी कलर डॉपलर लावतात, म्हणजे रक्त कुठून वाहतंय ते रंगात दिसतं, कारण पायाची मोठी धमनी तिथूनच जाते. क्वचित गाठ म्हणजे फुगलेली धमनीच निघते. आणि तेल लावून रगडू नका हो! पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली तर "फुटली, बरं झालं" म्हणून घरी बसायचं नाही. शिरेत गुठळी झाली तरी असंच दिसतं, त्याच दिवशी दाखवा.

पूर्वभागकर
आईला सगळं वाचून दाखवलं. खिरीला हसली. म्हणते, भरू दे परत, पण गड्ड्याला चालत जायचंय. पुढच्या आठवड्यात शुगर बघून तारीख घेतो. पालथं किती वेळ झोपावं लागतं?

जुना_कंडक्टर
मला वीसेक मिनिटं. गड्डा भरतो त्या होम मैदानावर घडीची खुर्ची न्या, खाली मांडी घालून बसू देऊ नका.