विषय: थर्मोस्टॅटचा बोल्ट मोडला, सल्ला हवा आहे

सप्रेम नमस्कार, मंडळी.

काल सकाळी गॅरेजमध्ये गाडीचा थर्मोस्टॅट (इंजिनातल्या कूलंटचा, म्हणजे थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, प्रवाह सांभाळणारी झडप) बदलायला घेतला. त्यावरच्या झाकणाच्या दोन बोल्टांपैकी पहिला सरळ निघाला. दुसऱ्याला पाना लावून जोर दिला, तेव्हा तो किंचित फिरल्यासारखा वाटला आणि लगेच टक् असा आवाज होऊन पाना एकदम हलका झाला. बोल्टचे डोके सॉकेटमध्येच अडकून आले. बोल्ट ६ मिलिमीटरचा आहे आणि तो ज्यात बसतो तो भाग ॲल्युमिनियमचा. आपल्या मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ पसरतात, त्याचाच हा प्रताप असावा. तुटके बोल्ट काढण्याचा ईझी-आउट संच आज आणावा असा विचार आहे. कोणी तो वापरला असल्यास कृपया कळवावे, कारण सोमवारी कामावर जायला गाडी लागणार आहे.

आपला,
नोव्हाय येथील एक सभासद

---

सप्रेम नमस्कार.

ईझी-आउट इतक्यात आणू नका. पिंपरीच्या टूलरूममध्ये माझी उमेदीची वर्षे गेली, त्या अनुभवावरून सांगतो की ६ मिलिमीटरच्या बोल्टात मावणारा ईझी-आउट काडीइतका बारीक असतो आणि पोलाद कडक केलेले असल्यामुळे तो वाकत नाही, थेट तुटतो. तो आत तुटला, की साधे ड्रिल त्यावर नुसते घसरत राहते आणि तासाभराचे काम आठवड्याचे होते.

आधी एवढे पाहा, की झाकण काढल्यावर बोल्टचा तुकडा बाहेर किती उरला आहे. डोक्यापाशी मोडला असेल, तर झाकणाच्या जाडीइतका तुकडा हाती लागेल आणि तुमचे निम्मे काम झाले असे समजा. दोष सगळा मिठाला देऊ नका. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून ओलसर राहिले, की ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी होते आणि ती आट्यांत सिमेंटसारखी बसते. मीठ त्याला हातभार लावते, इतकेच.

म्हणून बोल्टाभोवतीचे ॲल्युमिनियम हीट गनने तापवा. ते पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे आट्यांची पकड सैल होते. त्याआधी सांडलेले कूलंट आणि मारलेले तेल पुसून घ्या आणि रबरी नळ्या बाजूला बांधा. गरम बोल्टाच्या मुळाशी मेणबत्ती टेकवली, की मेण वितळून आत शिरते. मग लॉकिंग प्लायरने तुकडा पकडा आणि फेऱ्याचा आठवा हिस्सा उलटा, पुन्हा तितकाच सुलटा, असे करत राहा. एकाच दिशेने रेटलेत, तर उरलेलाही मोडेल.

तुकडा सपाट मोडला असेल, तर मात्र मध्यावर नीट पंच मारून ३ मिलिमीटरच्या डाव्या, म्हणजे उलट्या फिरणाऱ्या, ड्रिलने सुरुवात करावी लागेल. पुष्कळदा त्या उलट्या फिरण्यानेच बोल्ट निघून येतो. आटे पाडायचा आणि साफ करायचा ६ मिलिमीटरचा टॅप माझ्याकडे आहे, घेऊन जा.

आपला,
ट्रॉय येथील एक जुना सभासद

---

काका, सप्रेम नमस्कार.

झाकण ठोकून सैल केल्यावर सुमारे ८ मिलिमीटर तुकडा बाहेर दिसला आणि त्याच्या मुळाशी तुम्ही म्हणालात तशी पांढरी भुकटी होती, रांगोळीसारखी. पहिल्या तीन खेपांना काहीच हलले नाही आणि मनातल्या मनात मी तो संच आणायला निघालोही होतो. चौथ्यांदा तापवून मेण लावले, तेव्हा कुर्र असा आवाज आला आणि प्लायर अगदी थोडा फिरला. त्यापुढे पुढे-मागे करत बोल्ट पूर्ण बाहेर काढायला वीस मिनिटे लागली.

तुमचा टॅप हाताने फिरवून आटे साफ केले, तेव्हा बरीच भुकटी निघाली. नव्या बोल्टाला अँटी-सीझ, म्हणजे आटे पुन्हा जाम होऊ नयेत म्हणूनचे वंगण, लावायचे आहे. मॅन्युअलमध्ये १० न्यूटन-मीटर दिले आहेत, तेवढेच कसावे का?

---

मॅन्युअलमधला आकडा बहुधा कोरड्या आट्यांसाठी असतो. अँटी-सीझमुळे घर्षण घटते आणि तितक्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून अगदी पातळ थर लावा आणि ८ वर थांबा. इंजिन एकदा तापून थंड झाले, की सोमवारी निघण्यापूर्वी झाकणाखाली हात फिरवून ओल लागते का, ते पाहा. टॅपची घाई नाही, शनिवारी मराठी शाळेत आणून दिलात तरी चालेल.